अंगावरचा नंबर

बोलतेय ती मी, पण मी कोण हे मला नक्की सांगता येणार नाही. मी एका जुन्या रायफलची अ‍ॅक्शन आहे, म्हणजे रायफलीचा मधला लोखंडी गाभा, जिथे गोळी बसते आणि चाप ओढला की सुटते. पुढची नळी आता नाही, मागचा लाकडी दस्ताही नाही. कंपनीचं नाव, साल, नंबर, अंगावर एकही खूण नाही. वजन दीड किलोच्या आसपास. तेवढं मात्र खात्रीने सांगते.

जन्म आठवत नाही. जिला आपला जन्म आठवतो अशी वस्तू मला अजून भेटलेली नाही.

माझं काम कागदावर होतं. काळ्या गोलाच्या मधोमध भोक पाडायचं, बस्स. खाडीकाठच्या सारसोळे गावच्या सितारामांनी मला परवान्यावर विकत घेतलं. रविवारी नेमबाजीच्या क्लबमध्ये ते पालथे पडून श्वास रोखायचे आणि त्या एका क्षणाला घरातलं, गावातलं सगळं विसरायचे. पुढे खाडीच्या खाऱ्या हवेने नळी आतून खाल्ली, ती क्लबने काढून घेतली. दस्ता वाळवीने खाल्ला. उरले मी, पत्र्याच्या पेटीत.

वर्षातून एकदा मात्र मी बाहेर यायचे. खंडेनवमीला सितारामांची बायको गोजरा मला लख्ख घासायची आणि कोयत्याशेजारी पाटावर मांडायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल. चाळीस वर्षं. मला त्याचं काही वाटायचं का? माहीत नाही. फूल गार लागायचं.

यंदा सिताराम गेले. त्यांचा मुलगा केतन परवान्याचं पुस्तक घेऊन पोलीस ठाण्यात गेला. तिथे सांगितलं, पंधरा दिवसांत हत्यार जमा करा. पुस्तकात ४६१८ लिहिलंय, तोच नंबर हत्यारावर हवा. घरी येऊन केतनने मला चारी बाजूंनी फिरवलं. मी गुळगुळीत.

केतन बंदरात कामाला. तिथला पास पोलिसांच्या दाखल्यावर मिळतो. घरात बिननंबरी हत्यार निघालं तर केस, केस झाली तर पास गेला.

"खाडीत टाकतो सरळ," तो म्हणाला.

"आणि त्यांनी विचारलं, कुठे गेलं, तर? बोंबील घेऊन गेला सांगणार?" हे नमिताने विचारलं. ती केतनची बायको, एम.कॉम., आठ महिन्यांच्या नंदिनीची आई. विनोद करताना तिचा चेहरा हलत नव्हता. बाळ झाल्यापासून ती अशीच होती, सगळं वेळेवर करणारी आणि कुठेच नसलेली. तिने मला बाळाच्या दुपट्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं. दिवसातून दहादा ती नंदिनीच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास बघायची, मग मान वर करून माझ्याकडे बघायची. नळी नसलेल्या रायफलीतून आपोआप गोळी सुटते का, हेही तिने मोबाईलवर शोधलं.

एकदा तिने माझा फोटो जुन्या बंदुकांच्या एका ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत तिघांनी तीन देश सांगितले, चौथा म्हणाला, शिलाई मशीनचा पार्ट दिसतो. फोटोत नंदिनीचा पाय आलाय हे दिसताच नमिताने तो उडवला आणि अर्धा तास नखं खाल्ली.

शेवटी गोजराने उरणहून अब्दुर्रहमानचाचांना बोलावलं. ते क्लबच्या रायफली दुरुस्त करायचे, आता रिटायर. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्या अंगावरून अंगठा फिरवला.

"वहिनी, हिला घासलं कोणी?"

"मीच," गोजरा अभिमानाने म्हणाली. "दर खंडेनवमीला. पालिस पेपरनी. तिथं एक काला डाग व्हता, तो बी काढला."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर आणला. मग हळूच म्हणाले, "तो डाग नव्हता वहिनी. तो नंबर होता."

गोजराने हात पदराखाली घेतले.

"आणि हत्याराचा नंबर मुद्दाम खरवडणं हा वेगळा गुन्हा आहे, बेटी," ते नमिताला म्हणाले. "ठाण्यात हेच पहिलं विचारतील."

मग त्यांनी एक पिन ठोकून काढली आणि माझ्या पोटातला ठोकळा बाहेर आला. त्याच्या खालच्या बाजूला जुनं, घट्ट झालेलं ग्रीस होतं. तिथवर गोजराचा पेपर कधी पोचला नव्हता. नमिताने बाळाच्या वाइपने ते पुसलं, टॉर्च लावला आणि आकडे वाचले. चार, सहा, एक, आठ. दोनदा वाचले. रडू येईल असं तिला वाटलं असावं, कारण ती थोडा वेळ थांबली. आलं नाही.

"घडण इंग्लंडची वाटते," चाचा म्हणाले. "पण कंपनी विचारू नकोस. खोटं कशाला सांगू?" त्यांनी सगळं एका कागदावर लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. केतनची ड्युटी होती. नमिताच्या कडेवर नंदिनी, गोजराच्या मांडीवर मी. रिक्षात गोजरा एकच बोलली, "मी सांगतंय, मीच घासला. न्हेतील तर मना न्हेऊ दे."

साहेबांनी आतला नंबर पुस्तकाशी ताडून बघितला, मान हलवली आणि मग बाहेरच्या गुळगुळीत जागेवर बोट ठेवलं. "हा कोणी काढला?"

गोजराने तोंड उघडलं, पण त्याआधी नमिता बोलली. फोनवर डिलिव्हरीवाल्याला पत्ता सांगतानाही जिचा आवाज फाटतो, ती नमिता. "काढला नाही, साहेब. पूजेत झिजला. चाळीस वर्षं आमच्या आई हिला पुजतायत. तुम्ही 'काढला' लिहिणार असाल तर मी सही करणार नाही."

साहेबांनी गोजराकडे बघितलं. तिच्या बोटांकडेही बघितलं असेल. मग रजिस्टर पुढे ओढून लिहिलं, 'बाह्य क्रमांक झिजलेला.' नमिताने सही केली. ती सही बँकेत चालणार नाही अशी झाली.

आता मी लोखंडी कपाटात आहे. शेजारी बऱ्याच रायफली आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. इथे कोणी घासत नाही, कोणी फूल ठेवत नाही, आणि मला त्याचं दुःख होतंय असंही म्हणवत नाही. उद्या एखादा जाणकार येऊन मला कंपनीचं नाव देईलही. एवढीच विनंती आहे, त्याने ते वेगळ्या ओळीवर लिहावं. नमिताने लिहून घेतलेला 'झिजलेला' हा एक शब्द तिथेच राहू द्यावा.