ओम्नीतल्या गाठी

सीट वर. सीटखाली इंजिन. इंजिनावर वाकलेली मी.

मारुती ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. दुरुस्ती करायची म्हणजे गाडीच्या पोटातच गुडघे मोडून शिरावं लागतं. डावं दार भिंतीला चिकटलेलं, उघडत नाही. समोर फाटक. फाटकाला कुलूप. किल्ली सासूच्या पदराला.

रविवार, सकाळचे नऊ. उद्या सात वाजता ही गाडी अकरा मुलं घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली, तर वर्षभर रोज ती आणि मी या फाटकाबाहेर जाऊ. नाही राहिली, तर शाळा दुसरी गाडी लावेल आणि भुवनेश्वर ही विकून टाकेल. भुवनेश्वर माझा नवरा. रायपूरला नोकरीला, महिन्यातून एकदा इथे कुडव्याला येतो. गाडी त्याच्या वडिलांची. ते दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून गाडी अंगणात उभी होती आणि मी घरात.

काल मेकॅनिक दसरूभाऊने इंजिन उघडून गॅस्केट बदललं. तो सालेकशाकडचा. लहानपणी तेंदूपानांचे पुडके बांधायचा, त्यामुळे खिशात वाकाचे, झाडाच्या सालीचे, धागे असतातच. हवा ओढणारे रबरी पाइप काढताना त्याने पाइपला एक गाठ मारलेला धागा बांधला, आणि पाइप जिथून निघाला त्या तोंडालाही एक गाठ मारलेला. मग दोन-दोन. मग तीन-तीन. जाड पाइपला चार. पाच गाठींचा धागा कुठे बांधला ते मला दिसलं नाही.

गावी जायच्या रेल्वेची वेळ झाली तसा तो हात पुसत म्हणाला, "बाई, उद्या आमच्याकडं तेरवी आहे. तिकडं टॉवर बी नाही. तुमीच गाठीले गाठ जोडजा. एकले एक, दोनले दोन. बाकी गाडी तयार आहे."

आज सीट उचलली. गाठी नाहीत. एकही नाही.

जाड पाइप जाड तोंडालाच बसतो, तो ब्रेकचा. तो बसवला. उरले तीन बारीक पाइप आणि तीन सारखी तोंडं. सहा प्रकार. मी बीएस्सी आहे, एवढं मला येतं.

पहिला प्रकार.
एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने खाली वाकून अॅक्सिलरेटर. लागली. लागली! हात जरा सैल केला आणि वाटलं की उद्या कुडव्याच्या चौकातून वळताना मी

बंद.

दुसरा प्रकार.
कुठेतरी साप असल्यासारखी फुसफुस. हवा नको तिथून आत जातेय. कुठून, ते कान लावूनही कळत नाही, कारण कान लावायचा तर अॅक्सिलरेटर सोडावा लागतो, आणि तो सोडला की

बंद.

तिसरा प्रकार. त्याआधी फोन.
"किती वेळ चालली?" भुवनेश्वर विचारतो.
"चार सेकंद."
"चार सेकंदात शाळा येते का? विकून टाकू म्हणलं होतं मी. घरात काय कमी आहे तुले?"
घरात काय कमी आहे, याचं उत्तर मी चार वर्षं जुळवतेय. न्हाणी, चूल, विहीर, तुळस, फाटक. फाटक, तुळस, विहीर, चूल

बंद.

चौथा. सासू ओट्यावर बसून लसूण सोलतेय. एकच पाकळी, केव्हाची.

बंद.

पाचवा. ही जरा टिकली. मी श्वास रोखून धरला, जणू माझ्या श्वासानेच

बंद.

सहावा. बॅटरी आता कण्हतेय.

बंद.

सातवा प्रकार नाही. गणित संपलं. पाठ छताला लागलीय, गुडघ्याला बोल्ट रुततोय, आणि बाहेर यायचं तर आधी मागे सरकावं लागेल. मागे सरकले की माघार घेतल्यासारखं होईल. म्हणून तशीच बसून राहिले. तेव्हा वास आला. सकाळपासून येत होता, आता कळला. जळलेली मिरची.

"आत्याबाई, सकाळी मिरच्या कायले जाळल्या?"

"नजर काढली."

"कोनाची?"

"गाडीची."

मी डोकं बाहेर काढलं. "अन् वाकाचे धागे?"

सासूने लसणाची पाकळी परातीत टाकली. "चुलीत घातले."

"काऊन?"

"काऊन म्हनते! इंजिनात गाठी मारलेले धागे कोन बांधते? तुह्या सासऱ्याच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली बी निंगाले होते. सात गाठी. आठव्या दिवशी मानूस गेला. आता तू या डब्ब्यात बसून जाशीन, अन् मी पाहात राहू?"

"त्या दसरूभाऊच्या खुणा होत्या. कोनता पाइप कुठं जाते त्याच्या."

"मले कोनं सांगतलं?"

खरंच, कोणी सांगितलं नव्हतं. गाडी शाळेला लावायचं ठरल्यापासून आम्ही दोघी भाजी आणि मीठ यापलीकडे बोललो नव्हतो. काल दसरूभाऊ गाठी मारत होता तेव्हा ती याच ओट्यावर होती. एक वाक्य पुरलं असतं.

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी पाइप तोंडात धरून फुंकला. हवा कुठूनतरी निघून गेली. हवा दिसत नाही, हीच अडचण.

धूर दिसतो.

"आत्याबाई, बिडी काढा."

"कोनती बिडी?"

"न्हाणीच्या कौलात आहे ते."

सासूने परात बाजूला ठेवली. शेजारच्या छतावर कोणीतरी गादी झोडत होतं.

"कवापासून माहीत हाय तुले?"

"लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"अन् बोलली नाही? बदमाश!" ती उठली. उठताना हसल्यासारखं काहीतरी झालं, पण तिने ते पदराने पुसून टाकलं.

बिडी गाडीजवळ आणायची नाही, गाडीत पेट्रोल आहे, असं मी बजावलं. ती विहिरीपाशी उभी राहून झुरका घेई, बिडी तिथेच दगडावर ठेवी, गाल फुगवून तुरुतुरु चालत येई आणि वाकून मी धरलेल्या पाइपात धूर सोडी. बासष्ट वर्षांची बाई, तोंड शिवल्यासारखी. मी हसले तर ती फुगलेल्या गालांनीच डोळे वटारायची.

पहिला पाइप: धूर पेट्रोलच्या वाफेच्या काळ्या डब्यातून निघाला. ठीक.

दुसरा: धूर जाईचना, उलट तिच्याच नाकातून आला. खोकत म्हणाली, "हा बंद हाय." बंदच हवा. हा स्पार्कची वेळ ठरवणाऱ्या डबीचा, तिच्यात रबरी पडदा असतो. मी तोंडाने त्यातली हवा ओढून पाहिली तर जीभ टोकाला चिकटली आणि आत टक् झालं.

तिसरा एअर फिल्टरचा. धूर फिल्टरमधून यायला हवा. मी फिल्टरकडे डोळे लावून बसले. नाही आला.

"अगे, इकडं! चाकापाशी निंगून राहिला!" सासू बाहेरून ओरडली.

मी आडवी होऊन हात खाली घातला. पाइपचं दुसरं टोकही सुटलेलं होतं. पाच गाठींचा धागा तिथे असणार. वरची टोकं मी सहा प्रकारे जोडली, पण खालची जोडलेलीच आहेत असं धरून चालले होते. दसरूभाऊने मला खालची बाजू दाखवली नव्हती; मीही विचारली नव्हती.

टोक बसवलं. वरचे तिन्ही पुन्हा लावले. पहिल्या प्रकारात फुसफुस गेली, पण गाडी धापा टाकत होती. दोन पाइपांची अदलाबदल केली. किल्ली फिरवली. बॅटरीने शेवटचा जोर लावला.

लागली. मी अॅक्सिलरेटरवरून हात काढला. दहा सेकंद. वीस. मी मोजणं सोडलं.

"बंद करू नोको," सासू म्हणाली, "पुन्हा नाही लागली तं?" आणि जुन्या लुगड्याची किनार टराटरा फाडली. "किती गाठी?"

"याले एक. त्याले दोन."

चालत्या इंजिनात हात घालताना तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव की शिवी, कळलं नाही. पाच पट्ट्या बांधल्या. मग पदराची गाठ सोडून किल्ली काढली, फाटक उघडलं, परत आली, माझ्याच दारातून आत सरकली, सीट खाली पाडली आणि इंजिनावर बसली.

"कुठं, आत्याबाई?"

"उद्या बी येईन. रोज येईन. गाठी मी मारल्या आहेत. काई झालं तं वर मीच बसली पाहिजे."

"रोज? वर्षभर?"

"अकरा पोट्टे अन् मी. चाल, बॅटरी भरू दे."

मी क्लच दाबला. समोर उघडं फाटक, रस्ता, कुडव्याचा चौक. डावीकडे ती, गुडघ्यावर परात, परातीत लसूण. सारं घरच उचलून आणल्यासारखी बसलेली. गाडी पुढे सरकली आणि बंद पडली नाही आणि मी पहिल्या वळणाला हॉर्न दिला तेव्हा ती म्हणाली हळू, आणि दुसऱ्या वळणाला म्हणाली हळू, आणि