बुडालेल्या माणसाची अंगठी

मास्तरीण कधी शाळेत शिकवायला गेली नव्हती. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून गल्लीने तिलाही मास्तरीण करून टाकलं होतं. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, आतल्या खोलीत ती आणि तिचा मुलगा. नवरा नदीवरच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचा. एका पुरात बोट उलटली आणि तो गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली.

“आई, बाबांची अंगठी मी घालणार. जरा घट्ट होते, तेवढी सोनाराकडून मोठी करून आणतो.”

“मीच आणते,” ती घाईघाईने म्हणाली. “तुला कोणीही टोपी घालेल.”

“आणि तुला नाही घालणार?”

“मला टोपी घालणारा अजून जन्माला यायचाय.”

मुलगा हसला. तिला मात्र घाम फुटला होता. ती अंगठी पितळेची होती.

नवरा तापाने बेशुद्ध पडला होता आणि औषधाचे वांधे झाले होते, तेव्हा तिने त्याच्या बोटातली सोन्याची अंगठी काढून विकली होती. ती त्याला त्याच्या वडिलांनी दिलेली. कळलं असतं तर त्याने हाय खाल्ली असती. म्हणून बाजारातल्या सोनाराकडून तिने तशीच पितळेची घडवून घेतली, वर सोन्याचा मुलामा चढवला आणि तो शुद्धीवर यायच्या आत त्याच्या बोटात सरकवली. पुढे पुराने जो देह परत दिला, त्याला चेहरा उरला नव्हता. अंगठीकडे बघूनच तिने ‘हो, आमचेच’ म्हणून सांगितलं आणि त्याला माती दिली. अंगठी एका चिंधीत गुंडाळून कपाटात ठेवली, ती पुन्हा हातात धरवली नाही.

त्या सोनाराला सगळे भिंगोबा म्हणत. भिंग कपाळावर सरकवून ठेवायचा आणि दिवसभर तेच शोधत बसायचा.

“ही तुमच्या हातची जुनी लबाडी,” अंगठी पुढे करत ती म्हणाली. “आता पोराच्या बोटात खरी हवी. अशीच सोन्याची करून द्या.”

भिंगोबाने अंगठी तळहातावर घेतली आणि त्याचा हात तसाच राहिला. मग तो कामाला लागला. अंगठीच्या आतल्या बाजूला कानशीने जरा खोल खरवडलं, ती खाच काळ्या कसोटीच्या दगडावर घासली. पिवळी रेघ उमटली. शेजारी एका पितळेच्या तुकड्याची रेघ ओढली आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. पितळेची रेघ हिरवट फेसाळली आणि नाहीशी झाली. दुसरी जागची हलली नाही.

“ताई, हे सोनं आहे.”

“वरचा मुलामा असेल.”

“मुलाम्याच्या खाली जाऊन घासलंय मी. आणि वजन बघा ना हातात घेऊन! पितळ एवढं भरतं होय?”

“चुंबक लावून बघा एकदा.”

“चुंबकाला काय कळतंय? ते पितळेलाही चिकटत नाही आणि सोन्यालाही नाही.” त्याने भिंग डोळ्यावर ओढलं. “आत माशाचं चिन्ह आहे. हे पलीकडच्या काठावरच्या सोनाराचं. ही अंगठी मी केलेली नाहीच.”

तिने स्टुलाची कड घट्ट धरली. “मग मी माती कोणाला दिली?”

भिंगोबाने अंगठी तिच्या तळहातावर परत ठेवली.

पलीकडच्या काठावर जाऊन विचारायचं, एवढंच उरलं होतं. पण तेच तिच्याने होईना. नवरा गेल्यापासून तिने बोटीत पाऊल ठेवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, काय ऐकायला मिळेल याची तिला धडकी भरली होती.

तेव्हापासून भर दुपारी मशीन चालवताना तिला दारात कोणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं. मान वर करावी तर दार रिकामं. रस्त्याने जाताना पुढच्या माणसाची पाठ ओळखीची वाटायची आणि ती झपाझपा चालत त्याला गाठायची. मान वळली की परका चेहरा. नवरा जिवंत असेल तर तो आला का नाही? कुठे, कोणाबरोबर राहतोय? ती त्याच्यावर मनातल्या मनात चिडायची आणि त्याच दिवशी त्याचा जुना शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवायची.

तिने माती दिलेला तो दुसरा तर त्याहून वाईट. तो संध्याकाळी यायचा आणि पायरीवर पाठमोरा बसायचा, ओल्या कपड्यांनी. त्याला चेहरा नव्हता. तो काही मागत नव्हता, बोलत नव्हता. तिलाच राहवायचं नाही.

“अहो, तुमचं घर कुठलं ते तरी सांगा,” ती एकदा म्हणाली. “तुमची बायको अजून दार उघडं ठेवून बसली असेल. मी दुसऱ्याच्या नावाने पुरलं हो तुम्हाला.”

“आई, कोणाशी बोलतेयस?”

मुलगा तिच्या मागे उभा होता. पायरीवर कोणीच नव्हतं. तिने मग काहीच हातचं राखलं नाही. ताप, विकलेली अंगठी, पितळ, कसोटीवरची न हललेली रेघ, सगळं सांगून टाकलं. तो तिच्याजवळ पायरीवर बसला. शेवटी म्हणाला, “उद्या पलीकडे जायचं. मी हात सोडणार नाही.”

बोटीत ती डोळे मिटून बसली होती.

पलीकडचा सोनार वारला होता, त्याची मुलगी दुकान चालवत होती. केस पिकायला लागलेली, हसऱ्या तोंडाची बाई. तिने अंगठी उलटसुलट केली, कडेच्या एका तिरप्या ओरखड्यावर नख फिरवलं आणि पटकन वर बघितलं.

“हा ओरखडा मी पाडलाय! नव्या दागिन्यावर कोणी मुद्दाम ओरखडा पाडून घेतं का? म्हणून तर लक्षात राहिलं. बोटीवरचे मिस्त्री होते ते. पितळेची अंगठी घेऊन आले होते.”

“कशासाठी?” मुलाने विचारलं.

“म्हणाले, बोट हिरवं पडतंय, म्हणजे सोनं नाही हे. बायकोने माझ्या दुखण्यात विकलं असणार. तिला वाटतंय मला पत्ता नाही, तर तसंच वाटू दे. अशीच सोन्याची करा, ओरखड्यासकट. माझ्या बाबांनी पितळेची परत दिली, तर हे घेईनात. घरी सापडली तर दोघांचीही चोरी पकडली जाईल म्हणे!” ती हसली, आणि समोरच्या बाईचा चेहरा बघून गप्प झाली. “बोटात घालूनच गेले ते. त्यानंतर थोड्याच दिवसांत पूर आला.”

मास्तरणीने तोंडाला पदर लावला. हिरवं बोट तिला आठवत होतं. इंजिनाच्या तेलाचा डाग आहे, असं तोच म्हणायचा. पुढे तो डाग दिसेनासा झाला तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास सोडला होता, कारण विचारलं नव्हतं.

म्हणजे दारातला आता येणार नव्हता. पायरीवरचाही नाही. आणि पाण्याने खाऊन टाकलेल्या त्या चेहऱ्याच्या जागी, इतके दिवस ती ज्याला परका समजत होती त्याच्या जागी, तिला नवऱ्याचा चेहरा दिसायला लागला. नाक, भुवया, हनुवटी, एकेक करून. तो तिच्यासाठी दुसऱ्यांदा मेला.

परतताना तिने डोळे मिटले नाहीत. मधोमध आल्यावर तिने बोटवाल्याला विचारलं, “कुठे उलटली होती?” त्याने हनुवटीने जागा दाखवली. पाणी तिथे इतर ठिकाणासारखंच होतं, गढूळ आणि संथ.

“बाबांना पोहता येत होतं ना?” मुलाने हळूच विचारलं.

“येत होतं. चांगलं येत होतं.” ती त्या जागेकडेच बघत होती. “पण इंजिनाच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. बाहेरून पाण्याचा रेटा असला की ते आतून ढकलता येत नाही.”

मुलाने तिचा हात आणखी घट्ट धरला.