जाईनं माप खाली ठेवलं

चैत्रातल्या एका सकाळी जाईनं महिला दूध संस्थेत माप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि चेअरमन वत्सलाबाईंना सांगितलं, उद्यापासून दुसरी बाई बघा. कारण विचारलं तर तोंडाला कुलूप.

नांदूरघाटच्या अलीकडच्या त्या गावात अशा वेळी कारण शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी वत्सलाबाईंनी बौद्धवाड्यातल्या जाईला दूध मोजायला बसवलं, तेव्हा निम्म्या बायका भरल्या किटल्या घेऊन माघारी फिरल्या होत्या. पुढं एकेक करून सगळ्या परत आल्या. साखराबाई आली, पण नाक मुरडतच आली आणि आजतागायत मुरडतेच आहे. तेव्हा जाई गेली म्हणजे साखराबाईच काहीतरी बोलली असणार, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला ठरवायला काय लागतं?

दुष्काळ दोन हजार तेराचा. जनावरं छावणीत, टँकर आठव्या दिवशी, दूध निम्म्यावर आलेलं. कशीबशी तग धरून असलेल्या संस्थेला जाईवाचून भागेना. वत्सलाबाई संतापल्या आणि येत्या बैठकीत साखराबाईचं नाव सभासदांतून काढायचं म्हणाल्या. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईला ही शिक्षा थोडीथोडकी नव्हती.

खरी गोष्ट अशी, की साखराबाई या खेपेला अवाक्षरही बोलली नव्हती.

जाईला नको त्या जागी फोड आले होते. लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं. गावात दाखवायची लाज, म्हणून ती एकटीच बीडच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, हर्पिस. गोळ्यांनी फोड बसतील, पण रोग अंगात राहतो, अधूनमधून वर येतो. संबंधातून होतो, मात्र वर्षानुवर्षं दबूनही राहतो, त्यामुळं कुणाकडून कधी आला हे सांगता येत नाही. तिथल्या समुपदेशक बाईंनी अर्धा तास सगळं समजावलं. जाईनं मान हलवली आणि त्यातलं एवढंच घरी आणलं, की हा जात नाही आणि हा लागतो.

नवऱ्याला, जालिंदरला, तिनं सांगितलं. तो पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. ऐकून ताटावरून उठला आणि दोन दिवस घरी फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, ‘मलाबी दाखवायचं हाय.’ जाईनं आपलं अंथरूण वेगळं केलं. सहा वर्षांची लेक कुशीत शिरायला आली की ती भिंतीकडं सरकायची. ताट वेगळं केलं, आणि चहाची कपबशी दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवली.

ती कपबशी सासूच्या, केशरबाईच्या, दृष्टीला पडली. म्हातारीनं ती उचलून घेतली. तिच्या लहानपणी बागायतदाराच्या मळ्याच्या कुंपणाला तिच्या बापासाठी अशीच एक कपबशी अडकवलेली असायची. वरून चहा ओतायचे, आणि धुऊन त्यानंच परत अडकवायची. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर बापानं सगळ्यात आधी ती दगडावर आपटून फोडली होती.

“माझ्या बापानं फोडलेली कपबशी तू घरात आणलीस?” केशरबाई म्हणाली. “ह्या गावाला तुझा हात दुधातून काढता आला न्हाई, आन तू सोताच काढून घेतलास. कावून?”

मग जाईला सांगावंच लागलं. केशरबाईनं ऐकलं. किळस आली नसेल असं नाही, तोंडावर दिसलीच ती. पण मंगळवारी तिनं जाईला जीपमध्ये बसवलं आणि बीडला नेलं. समुपदेशक बाईंसमोर म्हातारीनं लाज बाजूला ठेवली आणि विचारलं, ताटानं लागतो का? लेकराला कुशीत घेतल्यानं? दुधाला हात लावल्यानं? प्रत्येक वेळी बाईंनी नाही म्हटलं. नवरा-बायकोत मात्र जपायचं, फोड असताना जवळ यायचं नाही, एरवीही निरोध वापरायचा, कारण फोड नसतानाही तो कधीकधी लागतो. दर मंगळवारी असल्या दुखण्याच्या चार-पाच बायका इथं बसतात, बोलतात, तूही येत जा, असंही त्या म्हणाल्या. त्या रात्री जाईनं लेकीला कुशीत घेतलं आणि पोटभर रडली.

परतीच्या वाटेत मांजरसुंब्याला जीप बदलताना गावची एक बाई भेटली होती. साखराबाईचं नाव संस्थेतून काढणार, ही बातमी तिच्याकडून कळली होती. केशरबाई तेव्हाच म्हणाली होती, जाऊ दे, तिनं आपल्याला काय कमी छळलंय? खोटं नव्हतं ते. तरी जाईच्या जिवाला घोर लागून राहिला. न केलेल्या गुन्ह्यापायी एका बाईचं पोट मारायचं आणि आपण मूग गिळून बसायचं, हे तिला सोसवेना. खरं बोलावं तर संस्थेचं दार कायमचं बंद, आणि गावभर बदनामी.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती वत्सलाबाईंच्या घरी गेली. त्या एकट्याच ज्वारी निवडत होत्या. जाईनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, रोगाचं नावसुद्धा, आणि शेवटी म्हणाली, “साखराबाईचा काई दोष न्हाई. तुमी मला काढून टाका, पर तिचं नाव ठिवा.”

वत्सलाबाईंचे हात सुपात थांबले. मग अगदी हळू विचारलं,

“फोड यायच्या आधी मांडीला मुंग्या येतात का गं?”

“येतात.” जाई चमकली. “तुमाला कसं ठाव?”

“अकरा वर्सं झाली. कुणालाच दाखवलं न्हाई मी. मला वाटलं, ह्या गावात मलाच.”

जाई खाली बसली. बीडच्या बाईंनी सांगितलेलं एकेक तिनं वत्सलाबाईंना सांगितलं. ताटानं लागत नाही. लेकरांना जवळ घेतल्यानं लागत नाही. दुधाला लागत नाही. सांगता सांगता तिचं तिलाच ते पहिल्यांदा खरं वाटलं.

“मंगळवारची जीप आठला निघती,” ती म्हणाली. “मी येते तुमच्यासंगं.”