कर्नाळ्याचा धोंडा

अवधूतला इंद्रजीतच्या टोळक्यात शिरायचं होतं, बाकी हिमालयाशी त्याला काय देणंघेणं! नवीन पनवेलात राहायला येऊन चार वर्षं झाली, तरी दर रविवारी कर्नाळा चढणारी ही मंडळी त्याला 'अहो शेजारी' अशीच हाक मारायची. त्र्याण्णवच्या मे महिन्यात त्यांनी चौदा हजार फुटांवरच्या खिंडीचा बेत आखला आणि यालाही विचारलं, तेव्हा गडी हरखूनच गेला.

निघताना बायको, कुमुद, म्हणाली, "डिंकाचे लाडू देते बांधून."

"पिकनिकला चाललोय का मी? हसतील सगळे!" हा खेकसला. तिने मग स्वतः विणलेले जाड लोकरीचे मोजे तेवढे दिले.

सगळ्यांच्या सॅक इंद्रजीतच्या घरी भरल्या गेल्या. तिसऱ्या मुक्कामाला अवधूतच्या हाताला तळाशी डबा लागला. जुन्या पातळाच्या फडक्यात शिवलेला, चांगला जड. लाडू घातलेच शेवटी हिने! त्याला भरून आलं. खिंडीच्या माथ्यावर उघडायचा आणि सगळ्यांना वाटायचा, असं त्याने ठरवून टाकलं.

खिंडीच्या आदल्या संध्याकाळी इंद्रजीतने फर्मान काढलं, "ओझं कमी करा. नको ते खेचरवाल्याकडे द्या, तो दोन दिवसांनी पलीकडे भेटेल."

अवधूतने डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी डबा सॅकमध्ये गेला आणि लोकरीचे मोजे खेचराच्या ढिगात. इंद्रजीत समोरच उभा होता. एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडणार होती त्याची? पण मेल्याला गंमत घालवायची नव्हती.

माथ्यावर अवधूत सगळ्यांत शेवटी पोचला, धापा टाकत. पायातले मोजे बर्फाने चिंब झाले होते. "कुमुदने पाठवलंय," म्हणत त्याने शिवण उसवली, डब्याचं झाकण काढलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळा धोंडा. वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'कर्नाळा'.

मंडळी पोट धरधरून हसली. "नव्या भिडूने वाहायचाच असतो, रीतच आहे आपली," इंद्रजीत डोळे पुसत म्हणाला. "आजपासून तू आपला, अवध्या!"

अवधूतही हसला. काय करणार?

उतरताना हिमवादळाने गाठलं. पाच तास सगळे एका कपारीत अडकले. बाकीच्यांनी कोरडे मोजे चढवले. अवधूतच्या सॅकमध्ये धोंडा होता.

पनवेलला परत आल्यावर डॉक्टरांनी डाव्या पायाची तीन बोटं कापली. खेचरवाल्याकडून परत आलेले मोजे कुमुदच्या मांडीवर होते, एकदाही न घातलेले. मंडळी मोसंबी घेऊन भेटायला आली. पिशवीत धोंडाही होता.

"रागावला नाहीस ना, अवध्या?" इंद्रजीतने विचारलं.

कुमुदने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी हा तोंड उघडेल, या माणसांना हाकलून देईल, असं तिला वाटलं.

"छे रे!" अवधूत उठून बसला. "पुढच्या वर्षी नवा कोण?"

"खालच्या मजल्यावरचा निनाद."

अवधूतने धोंडा हातात तोलून पाहिला. "हा हलका होता," तो म्हणाला. "त्याच्यासाठी मी निवडतो."