वरच्या शाळेचं आढं

ताठ्या भट्टीसमोर येऊन उभा राहिला, तरी लोहारणीने भाता ओढायचं थांबवलं नाही. उलट दोन हात जास्तच ओढले. ठिणग्या त्याच्या धुतल्या कपड्यांवर उडाल्या, तसा तो मागे सरकला. तिला बरं वाटलं.

गावाचा कारभार वर्षानुवर्षं त्याच्याकडे होता. मान कुणापुढे लवायची नाही, म्हणून लोक माघारी त्याला ताठ्या म्हणत. गावात शाळा दोन, एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची, पण दोन्हींचा पैसा त्याच्या एकट्याच्या मुठीत. वरच्या शाळेला फरशी आली, रंग आला, कुंपण आलं. खालच्या शाळेचे पत्रे तारेनं आवळलेले. लोहारणीने पत्र्यांसाठी त्याच्या ओसरीवर किती खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला त्याने तिला उन्हात उभी ठेवून जेवण उरकलं आणि हात धूत म्हणाला, "पैसा कुठे लावायचा ते मला कळतं. तू भाता सांभाळ."

पुढच्याच वावटळीत पत्रा सुटला. लोहारणीच्या पोरीची उजव्या हाताची दोन बोटं गेली. ताठ्या बघायलाही फिरकला नाही.

तिने तेव्हापासून डूख धरला. शाळांचा पैसा आता पालकांनीच सभा घेऊन ठरवायचा, असा नवा नियम आला, तेव्हा ती दारोदार हिंडली. खालच्या आळीत घरं जास्त. ती सभेची प्रमुख झाली आणि खालच्या शाळेवर कौलं चढली.

आता वरच्या शाळेचं आढं वाळवीनं पोखरलं होतं, आणि आभाळ रोज दाटून येत होतं. ताठ्याची नातवंडं त्याच आढ्याखाली बसत. त्याने सगळं सांगून आढ्यासाठी पैसा मागितला. तिने ऐकून घेतलं.

"पैसा कुठे लावायचा ते मला कळतं," ती म्हणाली. "तुम्ही तुमची ओसरी सांभाळा."

तो गेल्यावर लोहार हळूच म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता पुरे कर."

"आपल्या पोरीची बोटं परत फुटली का?"

लोहाराने घण उचलला.

सभा खालच्या शाळेत भरली. बाहेर भेगाळलेल्या रानातली धूळ वाऱ्यावर घुमत होती. ताठ्या येऊन दारातच जमिनीवर बसला. लोहारणीने खालच्या शाळेला नवे बाक घ्यायचा विषय काढला. तेवढ्यात तिची धाकटी जाऊ उठली.

"जाऊबाई, बाकांवाचून पोरं मरत नाहीत. आढं पडलं तर मरतील."

लोहारणीने सगळ्यांना त्या वावटळीची आठवण करून दिली. तेव्हा वरच्या आळीतल्या कुणी आपली दाद घेतली नव्हती, तेही ऐकवलं.

"माझंही पोर होतं त्या पत्र्याखाली," जाऊ म्हणाली. "म्हणून तर बोलते."

आढ्यासाठी एकेक हात वर होऊ लागला. आधी वरच्या आळीचे, मग खालच्या आळीचेही. मागच्या भिंतीशी एक काळाकुट्ट हात वर गेला, तो तिच्या नवऱ्याचा. तिच्या अंगाची लाही झाली. प्रमुख मी आहे, माझा शब्द शेवटचा, हे अगदी ओठांवर आलं. तोच तिची नजर ताठ्यावर गेली. तो तिच्याकडेच बघत होता, गालातल्या गालात हसत. आपलीच गादी चालवणारं माणूस भेटल्यासारखा.

तिने ओठ आवळले. मग एकेक हात मोठ्याने मोजला, नवऱ्याचाही, आणि म्हणाली, "आढं मंजूर."

ताठ्याचं हसू विरलं. लोक पांगल्यावर तो तिच्याजवळ आला. "उपकार झाले," तो म्हणाला.

"तुमच्यावर नाही झाले," लोहारीण म्हणाली. "आपलं दोघांचं वैर आहे तिथंच आहे, आणि मी मरेपर्यंत तिथंच राहील. आणि पुढच्या सभेला जरा लवकर या. दारात बसलात की माणसांना जायला-यायला वाट राहत नाही."