बावीस वर्षांचं मशीन

विक्रेत्याने धूळ ओढणाऱ्या नव्या मशीनच्या नळीच्या जोडात बसवलेलं गोल पांढरं फडकं काढलं आणि न झटकता तसंच मॅनेजरसाहेबांच्या तळहातावर ठेवलं. पांढरी आता नुसती कड उरली होती. मधोमध चांगला जाड, मऊ थर बसला होता.

"ही जागा आज साफ झाली आहे ना?" त्याने विचारलं.

"पावणेआठला," मुकादमबाई म्हणाल्या.

"बघा साहेब. साफ केलेल्या गालिच्यातून दोन मिनिटांत एवढं निघालं. पुढचं मी बोलत नाही."

बोलत नाही म्हणता म्हणता बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. साहेबांनी फडक्याकडे पाहिलं, मग नऊशे खुर्च्यांच्या त्या सभागृहाकडे पाहिलं, आणि नऊ वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. खाली वाकले, गालिच्यात बोटं फिरवली आणि ती डोळ्यांजवळ नेऊन निरखली.

मुकादमबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या हाताखाली सफाईच्या सहा बायका होत्या, त्यांतली एक सख्खी भावजय. बाईंनी "झालं" म्हटलं की झालं, असा आजवरचा शिरस्ता होता. त्यानंतर सभागृहात कुणी डोकावत नसे. माणसाने बावीस वर्षांच्या मुकादमीत कमवायचं ते काय, तर एवढंच. ते या माणसाने टीचभर फडक्यावर घालवलं होतं.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या.

फडकं घेऊन त्या दारापर्यंत गेल्या, उजेडात उभ्या राहिल्या, त्या थरातली चिमूट अंगठ्याने चोळली. परत आल्या तेव्हा त्यांची चाल बदलली होती. भावजयीला ती चाल ठाऊक होती. आता कुणाची तरी फजिती होणार, हे ओळखून ती जरा पुढे सरकली.

"साहेब, धुळीचा रंग कोणता?"

"रंग? असेल राखाडी, मातकट."

"आणि हा?"

साहेबांनी फडक्याकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं, पुन्हा फडक्याकडे पाहिलं. थर डाळिंबी होता. गालिचाही डाळिंबी होता.

"ही धूळ नाही, साहेब. हा आपला गालिचा आहे. खाली ब्रश फिरतो ना, तो यांनी पार तळाला लावलाय. विंचरताना कंगवा रुतवला तर केस येणारच." मग त्या विक्रेत्याकडे वळल्या. "नवं फडकं लावा. त्याच जागेवर फिरवा."

विक्रेता चाळिशीचा, धंद्यात मुरलेला. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने फिरवलं. फडकं पुन्हा तितकंच भरलं.

"आणखी एकदा?" साहेबांनी विचारलं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "दहा वेळा फिरवलंत तर दहा वेळा भरेल. अकराव्या वेळी खालची फरशी वर येईल."

साहेब मोठ्याने हसले. विक्रेत्याचे कान लाल झाले. बाई स्वतः मात्र हसल्या नाहीत. कामाला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात, मशीनमध्ये काही ना काही येतंय म्हणून दुपारपर्यंत एकाच जागेवर घासत बसल्या होत्या. गालिच्याला तळ नसतो, हे तेव्हाच्या मुकादमाने हसून हसून सांगितलं होतं. आता ते हसू दुसऱ्याच्या वाट्याला गेलं, इतकंच.

सवयीने त्यांनी ते नवं मशीन उताणं केलं. बाजूची कळ सापडली, ब्रश दोन खाचा वर घेतला, आणि मशीन सुरू करून पाचव्या रांगेत घातलं. मूठ हातात आली तशी ती पुढेच धावायला लागली. खुर्च्यांच्या पायांशी वर्षानुवर्षं दडून बसलेली वाळू नळीतून तडतडत वर गेली. कोपऱ्याला दुसऱ्यांदा जावं लागलं नाही, ढकलावंही लागलं नाही, दंडाला कळ लागली नाही. रांग संपली तरी बाईंना क्षणभर बटण बंद करावंसं वाटेना. ओढ होती ओढ. विक्रेता मागून पंधरा मीटरची वायर, दिवसाचे दहा तास, पाच वर्षांची हमी असं काहीबाही सांगत होता. त्यातलं निम्मं खरं असलं तरी पुष्कळ होतं.

"आता तुमचं आणा," साहेब म्हणाले. त्यांना रंग चढला होता. "न्याय म्हणजे न्याय. तसंच कोरं फडकं, तेवढीच दोन मिनिटं."

भावजय बाईंच्या कानाशी आली. "वन्सं, वायर सापडत नाही म्हणू का?"

"आण गं," बाई म्हणाल्या.

जुनं मशीन म्हणजे पोलादी पिंप. तीन ठिकाणी पोचे, एक चाक मोडक्या खुर्चीचं बसवलेलं. बावीस वर्षांपूर्वी पाच मशीनं चालवून बघून बाईंनीच ते निवडलं होतं. "माझ्याआधी हे जायचं नाही," असं त्या येईल त्याला सांगत. आख्ख्या इमारतीला ते वाक्य पाठ होतं.

मशीन सुरू झालं आणि सभागृह दणाणलं. बाईंनी जोर लावून ते दोन मिनिटं पुढेमागे ओढलं. विक्रेत्याने जोड उघडून फडकं काढलं. दुधासारखं पांढरं होतं.

"वा," साहेब म्हणाले. "एक कण नाही. म्हणजे गालिचा साफ होताच, आणि या बिचाऱ्याने त्याचा धागासुद्धा ओढला नाही. याला म्हणतात मशीन." ते विक्रेत्याकडे वळले. "राहू द्या तुमचं. आम्हाला नको."

विक्रेता वायर गुंडाळायला लागला. "खरं सांगू का," तो म्हणाला, "असली मशीनं आता बनतच नाहीत."

मुकादमबाई जिंकल्या होत्या. साहेब पुन्हा कधी वाकून बोटं फिरवणार नव्हते. त्यांना आनंद झाला, नाही असं नाही. पण समोर भावजय उकिडवी बसून पिंपाची नळी काढत होती. तिच्या गणवेशाला दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं होती. आता उठताना तिने खुर्चीचा हात धरला. दोन वर्षांपूर्वी धरत नसे. आता गप्प बसलं तर पुढची पाच-सात वर्षं हेच चालणार होतं, आणि गप्प बसणं तर अगदी सोपं होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "साहेब, फडकं पांढरं का निघालं ते बघा."

मघाच्या फडक्यावरचा डाळिंबी लोकरीचा पुंजका त्यांनी उचलला आणि मोकळ्या फरशीवर ठेवला. नळी पुन्हा जोडून जुनं मशीन सुरू केलं, त्याचं तोंड पुंजक्यावरून नेलं. पुंजका हलला, तिथेच राहिला. दुसऱ्यांदा नेलं. तिसऱ्यांदा नेलं. विक्रेत्याच्या हातातली वायर तशीच राहिली. भावजय हळूच "राहू द्या ना, वन्सं," म्हणाली, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

बाईंनी बटण बंद केलं.

"गर्जेल तो पडेल काय," त्या म्हणाल्या. "हे नुसतं ओरडतं. आतला पंखा झिजला, तो आता मिळत नाही. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? दर महिन्याला मी विचारतो, तुम्ही ठणठणीत म्हणता."

"खोटं सांगत होते."

"पण का?"

बाईंनी पदर सारखा करावा तसा गणवेशाचा खांदा सारखा केला. कारण सांगायला लाज वाटत होती, आणि दुसरं कारण नव्हतं. "माझ्याआधी जायचं नाही म्हणाले होते. ते आधी गेलं. सगळ्यांपुढे कोणत्या तोंडाने सांगू?" मग नव्या मशीनकडे हात केला. "हे घ्या. मशीन चांगलं आहे. दाखवणारा चुकला."

साहेब पायाखालच्या गालिच्याकडे बघत राहिले. पहिल्या रांगेपासून शेवटच्या पायरीपर्यंत त्यांची नजर गेली आणि परत आली.

"मग दोन वर्षं हा गालिचा साफ कोण करत होतं?"

"मी," मुकादमबाई म्हणाल्या. "रोज पहाटेपासून. हातब्रशने."

मागे भावजय खाकरली.

"आम्ही दोघी," मुकादमबाई म्हणाल्या.