बिननावाचा वाडगा

या गावात भांड्यावर घडवणाऱ्याचं नाव घालत नाहीत. माती डोंगराची, पाणी ओढ्याचं, भट्टी सगळ्यांची. मग नाव कुणाचं घालायचं, असं म्हातारे विचारतात. ऐकायला बरं वाटतं. फुसाएच्या घराला मात्र ते भोवलं.

तिच्या नवऱ्याची, यासुजीची, शवपेटी निघाली. पेटी दाराबाहेर पडली की मेलेल्याचा भाताचा वाडगा उंबऱ्यावर फोडायचा, ही रीत. इथे आता तुझं जेवण नाही, माघारी फिरू नकोस, एवढंच त्याला सांगायचं असतं. फुसाएला ते जमेना. संसारभर तिनं त्याला त्याच वाडग्यात भात वाढला होता. तो तिनं सकाळीच कपड्यात गुंडाळून कपाटात दडवला, आणि शेजारणींनी धुऊन रचलेल्या वाडग्यांतला एक उचलून आपटला. झिलईचा तसाच हिरवा ओघळ, तसाच घाट. कोण ओळखणार? यायचं असेल तर येऊ दे त्याला, असंही ती मनात म्हणाली.

संध्याकाळी पाहुणे पांगले. सून चिझुरू नवऱ्याला, मोतोकीला, भात वाढायला बसली.

"आई, यांचा वाडगा दिसत नाही."

"असेल तिथंच. नीट बघ."

"सगळी फळी पालथी घातली."

उंबऱ्यावर फोडला तो कुणाचा, हे फुसाएला आता कळलं. मोतोकीचा वाडगाही यासुजीनंच घडवलेला, त्याच मातीचा. जित्याजागत्या पोराला तिनं आपल्या हातानं घराबाहेर काढलं होतं.

"राहू दे गं," मोतोकी चिझुरूला म्हणाला. "कुंभाराच्या घरात वाडग्यांचा दुष्काळ? कशातही वाढ, पोटात कावळे ओरडताहेत."

चिझुरूनं कपाट उघडलं. "हा बघा, गुंडाळून ठेवलाय कुणीतरी."

"तो नको," फुसाए म्हणाली. तोवर त्यात भात पडला होता.

मोतोकी उद्याच्या भट्टीबद्दल बोलत जेवू लागला. दोन घासांनंतर त्याचं बोलणं थांबलं. मान खाली घालून, सावकाश चावत तो खात राहिला. लहानपणापासून ज्या खारवलेल्या आलुबुखाराला त्यानं बोट लावलं नव्हतं, तो त्यानं बीसुद्धा चोखून संपवला. मग वर न बघता, यासुजी रोज जेवणानंतर धरायचा तसा, रिकामा वाडगा फुसाएपुढे धरला.

"अगं, चहा."

चिझुरू हसली. "अहो, मी इकडे बसलेय."

त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फुसाए वाडग्यात ओतू लागली. अर्धा चहा चटईवर सांडला. त्यानं उरलेला प्यायला, वाडगा खाली ठेवला आणि घरभर नजर फिरवली.

"मोतोकी कुठाय? जेवायला हाक मार त्याला, भात निवतोय."

चिझुरूचं हसू मावळलं. फुसाए उठून दारापर्यंत गेली. हाक मारायला तोंड उघडलं, पण कुठल्या दिशेला मारावी हे तिला कळेना.